चिकाची गादी

माय पडली तेव्हा मी नववीच्या वर्गात प्रकाशाचं परावर्तन शिकवत होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "मॅडम, गावाकडून फोन आहे, लवकर या." गोठ्यासमोर शेणाचं पाणी सांडलं होतं. त्यावरून तिचा पाय सरकला आणि खुब्याजवळ हाड मोडलं. नंदुरबारला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "हाड ठिसूळ आहे, त्यामुळे बरेच दिवस झोपवून ठेवावं लागेल. हाडाची मला काळजी नाही, पाठीची आहे. एकाच अंगावर पडून राहिल्या तर जखमा होतील. दिवसरात्र कूस पालटत राहा."

माझं सासर शहाद्याला आणि शाळाही तिथलीच. मायचं गाव प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीच्या काठी. तिला शहाद्याला आणायचं मी ठरवलं होतं, पण तिने दवाखान्याच्या खाटेवरच निकाल लावला. "आंडेरना घर पडी ऱ्हासू का मी?" आंडेर म्हणजे लेक. लेकीच्या घरी अंथरुणाला खिळून राहणं तिला मरणाहून वाईट. मग मीच कपड्यांची पिशवी घेऊन माहेरी राहायला गेले. नवरा आणि मुलगा शहाद्याच्या घरी स्वतःचं स्वतः बघू लागले. रोज सकाळी स्कूटीवर शाळा, संध्याकाळी परत. मी शाळेत असताना मायजवळ थांबायला एक बाई ठेवली. तिचं माहेर वर धडगावकडे, सासर आमच्याच गावात. कामाला पक्की, बोलायला कमी.

धाकटा भाऊ पुण्यात. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ऑपरेशनला आला होता, दोन-तीन दिवस थांबून गेला. नंतर रोज संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. पुण्याला गेल्यापासून तो माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलतो. मायशी मात्र अहिराणीत, तीही जरा अडखळत.

आधी आम्ही मेडिकलवाल्याकडून हवेची गादी आणली होती. तिला पंप असतो, तो सारखा गुरगुरत राहतो आणि गादीतले कप्पे आळीपाळीने फुगवतो. गोष्ट कामाची होती, पण गावात दुपारी लाइट जाते. पंप थांबला की हवा हळूहळू निघून जायची आणि माय खाली खाटेच्या फळीला टेकायची. लाइट आली की पुन्हा गुरगुर. "हाई मशीन माले झोपू देत नही," म्हणत तिने एक दिवस पंपाची वायर हाताने ओढून काढली. मलाही त्या आवाजाने झोप लागत नव्हती.

हे भावाला सांगितलं आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

"ताई, मी वाचलंय. नॅचरल लॅटेक्सची गादी घ्यायची. शरीराचा भार सगळीकडे सारखा वाटला जातो, लाइट लागत नाही, केमिकल नाही. शंभर टक्के नैसर्गिक. मी ऑर्डर करून टाकली."

"अरे, डॉक्टरांनी गादी सांगितली नाही. कूस पालटायला सांगितलंय."

"ते तर आहेच ना. पण गादी चांगली असली तर तुलाच सोपं जाईल."

तुलाच सोपं जाईल. हे वाक्य माझ्या डोक्यात कितीतरी दिवस कुसळासारखं टोचत राहिलं.

गादी गावापर्यंत आलीच नाही. कुरिअरवाल्याचा फोन आला, "मॅडम, तुमच्या गावाला आमची घरपोच सेवा नाही. नंदुरबारला येऊन घेऊन जा." मी म्हटलं, "गादी आहे, टिफिन नाही. स्कूटीवर कशी नेऊ?" तो म्हणाला, "ते तुमचं तुम्ही बघा." मग एक छोटा हत्ती टेम्पो ठरवला आणि शाळेतून अर्धी सुट्टी टाकून मी नंदुरबारला गेले. गादी गुंडाळून, प्लॅस्टिकमध्ये दाबून, खोक्यात भरलेली होती, एखाद्या झाडाच्या ओंडक्यासारखी. वजनालाही ओंडकाच. ड्रायव्हर आणि हमाल दोघांनी मिळून उचलली तेव्हा हमाल म्हणाला, "ताई, हाई मा काय दगडं भरेल शेत का?"

घरी आणून मायच्या समोरच खोकं फोडलं. प्लॅस्टिकला कात्री लावताच गादीने लांब श्वास सोडला आणि हळूहळू उलगडत गेली. त्याबरोबर घरभर वास पसरला. पंक्चरच्या दुकानात येतो तसा, त्यात थोडा गोडसर. बाईने पदर नाकाला लावला.

मायने मान वळवून बघितलं. "हाई कशानी शे?"

"लॅटेक्सनी."

"ते काय ऱ्हास?"

मी विज्ञान शिकवते. मला वाटलं, सोपं आहे. "रबरना झाडना चीक ऱ्हास माय. तो जमाडीसन बनाडतस."

"चीक?" मायचा चेहराच बदलला. "रुईना चीक डोयामा गया ते माणूस आंधया व्हस. अन तू माले चिकवर झोपाडी ऱ्हायनी?"

आमच्याकडे बांधावर सगळीकडे रुई. लहानपणी तिचं पान तोडलं की माय हातावर फटका मारायची, तेही खरंच. आता मी तिला रबराचं झाड वेगळं, त्याचा चीक वेगळा, असं किती सांगितलं तरी ती ऐकेना. "माले नही झोपनं," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. म्हणजे तोंडच फक्त केलं, कूस तिला पालटता येत नव्हती. ती मीच पालटली.

संध्याकाळी भावाचा कॉल. "कशी वाटली गादी?" मी फोन मायकडे फिरवला. "माय, नॅचरल शे ती," तो म्हणाला. "नॅचरल म्हंजे?" "म्हंजे निसर्गानी." माय म्हणाली, "विंचूबी निसर्गनाच शे." आणि फोन माझ्या हातात दिला.

मला हसू आलं नाही. एवढ्या खटपटीने आणलेला तो ओंडका खोलीच्या मधोमध पसरला होता. त्यावरून उडी मारल्याशिवाय मोरीकडे जाता येत नव्हतं.

मायचा स्वभाव मला माहीत होता. तिला आत काय आहे ते कळल्याशिवाय ती कशालाच अंग लावत नाही. दुकानातलं पीठ ती घेत नाही. तयार उशी तिने आयुष्यात घेतली नाही. तेव्हा तिला पटवायचं तर मलाच आधी नीट समजून घेणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्टाफरूममध्ये मी फोनवर वाचत बसले. वाचू लागले आणि लक्षात आलं, की आजपर्यंत मुलांना मी रबराबद्दल एक ओळ शिकवत आले आहे: रबराबरोबर गंधक तापवला की ते टिकाऊ होतं. त्या ओळीच्या मागे एवढी मोठी खटपट असते हे मला ठाऊकच नव्हतं.

जेवढं कळलं तेवढं मी संध्याकाळी मायला सांगायला बसले. बाई घरी जायला निघाली होती, तीही दाराशी टेकली.

केरळात, त्या दमट मुलखात, रबराची झाडं ओळीने लावलेली असतात. पहाटे माणूस येतो आणि सालीवर तिरपा, पातळसा काप घेतो. खोल गेला तर झाड खराब, वरचेवर राहिला तर चीक येत नाही. कापाच्या खालच्या टोकाला वाटी बांधतात. चीक थेंबथेंब तिच्यात उतरतो, दुधासारखा पांढरा. तसाच ठेवला तर तो दुधासारखाच नासतो, गुठळ्या होतात. म्हणून त्यात अमोनिया घालतात. मग मोठ्या यंत्रात गरगर फिरवून त्यातलं पाणी कमी करतात.

"लोनी काढतस तसं," माय म्हणाली. तिचं तोंड अजून भिंतीकडेच होतं, पण कान इकडे होते.

"हां, तसंच. मंग त्यामा साबण टाकीसन फेटतस. फेस व्हस, हवा भरास. गंधक टाकतस. अन मंग साच्यामा वततस, वर झाकण, अन वाफ."

माय मान वळवून बघू लागली. "ढोकया?"

"ढोकयाच समज."

"मंग त्याले भोकं कसाले?" गादीच्या खोळीची चेन मी उघडी ठेवली होती. आतल्या पिवळसर लादीला वरच्या अंगाला बोटभर अंतरावर बारीक भोकं होती.

"साच्यामा खिळा ऱ्हातस. त्यासवर वाफनी धग मझार जास. नहीतं बाहेर शिजी अन मझार कच्चं ऱ्हाई जाई."

हे तिला पटलं. हे स्वयंपाकातलं होतं. पुढचंही मी सांगितलं: लादी साच्यातून काढली की ती पाण्याने धुतात, रुळांमधून पिळतात, पुन्हा धुतात, कारण आत साबण आणि चिकातली इतर घाण राहिलेली असते, आणि शेवटी गरम हवेत वाळवतात. आणखी एक पद्धत असते, साच्यात अर्धाच फेस भरून हवा ओढून घेतात, गोठवतात, तीही सांगायला मी निघाले होते. माय मध्येच म्हणाली, "मंग हाई चांगली धुयेल नही शे. वास यी ऱ्हायना."

वास येतच होता.

तरी ती झोपायला तयार झाली. बाईने आणि मी मिळून तिला अलगद उचलून खाली अंथरुणावर ठेवलं, गादी खाटेवर ओढून टाकली, तिला परत वर ठेवलं. गादी खाली गेली आणि मायच्या अंगाभोवती सावकाश वर आली. तिने हाताने आजूबाजूला दाबून बघितलं. "बरी शे," म्हणाली. मायच्या तोंडून बरी शे म्हणजे फार झालं. मला इतकं हलकं वाटलं, की भावाला मी स्वतःहून फोन केला. म्हटलं, झोपली बाबा, तुझ्या गादीवर झोपली. तो खूश. "मी म्हटलं नव्हतं का?"

तो आनंद एक आठवडाही टिकला नाही.

मायची खाट नवारीची. हवेच्या गादीसाठी आम्ही तिच्यावर फळी टाकली होती. ती फळी शेजाऱ्यांची, त्यांनी लग्नासाठी परत नेली. फळी नसताना एवढ्या वजनाच्या गादीने नवार ताणली आणि मधोमध झोळी झाली. माय त्या झोळीत जाऊन रुतायची. कूस पालटायला गेलं की ती परत मधेच घरंगळायची. मी सुताराकडे गेले. तो म्हणाला, उद्या येतो. त्याचा उद्या काही केल्या उजाडेना. शेवटी मीच शाळेतला जुना लाकडी फळा मुख्याध्यापकांना मागून आणला आणि खाली सरकवला. फळा शिकवायला नाही, झोपायला, असं शिपाई म्हणाला. तेव्हाही मला हसू आलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच हसू येत नव्हतं.

मार्च संपला आणि आमच्याकडचं ऊन सुरू झालं. वास उन्हाबरोबर वाढला. माय रोज म्हणायची, "गादीले ऊन दाखाडनं पडस." मी रोज म्हणायचे, "नही माय, हाईले ऊन चालत नही. उन्हामा रबर खराब व्हस." कापसाच्या गादीला ऊन हेच औषध, हे तिला जन्मापासून माहीत. उन्हाने गादी खराब होते, हे तिच्या लेखी पुस्तकं वाचलेल्या लेकीचं खूळ.

एप्रिलमध्ये मला पेपर तपासायला नंदुरबारला जावं लागलं. सकाळी लवकर निघून संध्याकाळी परत. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच बाईचा फोन आला. ती फोन सहसा करत नाही. "ताई, गादी फाटी गयी."

मी घरी पोचले तर ओसरीत गादी, खोळ एकीकडे, लादी एकीकडे. मी गेल्यावर मायने गल्लीतल्या चार गड्यांना हाक मारली होती, स्वतःला जुन्या कापसाच्या गादीवर हलवून घेतलं होतं आणि ही गादी खोळ काढून धाब्याच्या सपाट छपरावर टाकायला लावली होती. दुपारभर ती तिथे तापत पडली. उतरवताना एकाने वरच्या बाजूने धरलं, दुसऱ्याने खालच्या, आणि गादी सोलल्यासारखी दोन भागांत सुटत गेली.

"कोण म्हणे ऊन दाखाडा?" मी ओरडले. बाई मान खाली घालून उभी राहिली. आतून माय म्हणाली, "तिले काय बोली ऱ्हायनी? मी म्हनं."

मी गुडघ्यावर बसून सुटलेली बाजू उचलली. मधे डिंकासारखा चिकट थर होता, उन्हाने पातळ झालेला. वरचा थर पिवळसर, भोकांचा, जड. दोन बोटं जाडीचा. त्याखाली जे होतं ते पांढरं, हलकं, भोकं नसलेलं. बोटाने दाबलं तर खाली जायचं आणि उशिरा वर यायचं. मी दोन्हीकडून चिमूटभर तुकडे तोडले. चिमट्यात धरून गॅसवर धरले. वरचा तुकडा काजळी सोडत जळला, टायर जळतो तसा वास आला. खालचा आक्रसला, वितळला आणि थेंब होऊन ताटलीत पडला. तो झाडाचा चीक नव्हता. साधा फोम होता. बसच्या सीटमध्ये असतो तसा.

म्हणजे मायला मी जे सगळं सांगितलं होतं, तो तिरपा काप, ती वाटी, ते फेटणं, ती वाफ, ते दोन बोटांपुरतंच खरं होतं. उरलेली सगळी गादी कुठल्यातरी कारखान्यातल्या फोमची. मी तिथेच ओसरीत फतकल मारून बसले. गादीचा राग, उन्हाचा राग, मायचा राग, सगळं एकत्र झालं. मला वाटत होतं कुणाला तरी धरून हलवावं. पण धरायला जवळपास कुणीच नव्हतं. माय अंथरुणात होती आणि बाई बिचारी चहा ठेवत होती.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या मधल्या सुट्टीत कंपनीला फोन लावला. आधी गाणं वाजलं. मग एका मुलीचा गोड आवाज.

"मॅडम, आपली काय मदत करू शकते?"

मी सगळं सांगितलं. ऊन लावल्याचंही सांगितलं. लपवायचं काय होतं?

"मॅडम, उत्पादन थेट सूर्यप्रकाशात ठेवल्यामुळे हमी लागू होत नाही."

"हमीचं सोडा. आत फोम निघालाय. तो काही उन्हाने तयार झाला नाही."

"मॅडम, तो सपोर्ट लेयर आहे."

"पण तुम्ही शंभर टक्के नैसर्गिक लॅटेक्स म्हणून विकता."

"हो मॅडम. वरचा लॅटेक्सचा लेयर शंभर टक्के नैसर्गिक आहे."

वाक्य चुकीचं नव्हतं. चुकीचं नव्हतं म्हणूनच जास्त चीड आली. मी म्हटलं, "बाई, उद्या मी तुम्हाला दुधाचा पेढा म्हणून पिठाचा गोळा दिला आणि वर दुधाचं बोट फिरवलं, तर चालेल का?"

"मॅडम, मी आपली तक्रार नोंदवून घेते. आणखी काही मदत?"

आणखी काही मदत! मी फोन ठेवला. त्यानंतर तक्रारीचं कधी काही आलं नाही. मेसेज मात्र येतच राहिले: आपल्या झोपेचा अनुभव कसा आहे, तारे देऊन सांगा.

संध्याकाळी भावाला सांगितलं. मला वाटलं होतं, तो कंपनीवर चिडेल. तो आधी माझ्यावर चिडला.

"पण ताई, उन्हात टाकलीच कशाला? त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं."

"मी टाकली नाही. मायने टाकायला लावली. मी नंदुरबारला होते."

"मग त्या बाईने अडवायला नको का?"

"ती मायला अडवणार? तू कधी अडवलंस का मायला?"

"तिथे कुणाचं लक्षच नाही, असं दिसतंय."

"लक्ष? तू गादी पाठवलीस. कूस मी पालटते. दिवसातून किती वेळा पालटते ते तुला कळायचं नाही, कारण त्याची ऑर्डर देता येत नाही."

मग तो अहिराणीत आला. चिडला की तो अहिराणीत येतो. "मंग मी काय करू, नौकरी सोडी दिऊ का? मन्हाघाई जे व्हस ते मी करी ऱ्हायनू. तुले तेबी दखात नही."

"दखास. व्हिडिओमा दखास."

त्याने फोन कट केला. आतून माय म्हणाली, "काय व, कसाले भांडी ऱ्हायनी त्यान्हाशी?" मी तिला उजव्या अंगावर वळवलं, पाठीला पावडर लावली. पाठ तांबूस दिसत होती. एका जागी जरा जास्तच. त्या तांबूस डागाने माझा सगळा राग थंड केला आणि त्या जागी भीती आणून ठेवली.

नंतरचे काही दिवस संध्याकाळचा कॉल आला नाही. मायने पहिल्या दिवशी विचारलं, दुसऱ्या दिवशी विचारलं, मग विचारायचं सोडलं. मला वाईट वाटत होतं आणि वाईट वाटतंय याचाही राग येत होता. मी बोलले त्यात खोटं काय होतं?

एका सकाळी मी शाळेला निघाले होते. स्कूटीला किल्ली लावते तोच फाटकाशी रिक्षा थांबली. भाऊ उतरला. रात्रभर ट्रेनने आलेला, डोळे सुजलेले, हातात एकच बॅग. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. "सुट्टी घेतलीये," तो म्हणाला. "थांबतो. तू शाळेत जा."

मी शाळेत गेले, पण चित्त ठिकाणावर नव्हतं. संध्याकाळी परतले तर घरातून मायचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "अरे, कंबरले धर! पायले कसाले ओढी ऱ्हायना, तोडी टाकशी का मन्हा पाय!" तो घामाघूम. बाई कोपऱ्यात तोंड दाबून हसत होती. त्याने मला बघितलं आणि म्हणाला, "ताई, हे दिवसातून किती वेळा करतेस तू?" मी त्याला दाखवलं: एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, गुडघा वाकवून घ्यायचा, आपली पाठ सरळ, आणि ओढायचं नाही, लोटायचं. दोन-तीन दिवसांत त्याला जमू लागलं. माय तरीही ओरडायची. पण तो उठला की "कोठे गया?" म्हणून विचारायची.

ओसरीतल्या गादीचं काय करायचं हे त्यानेच ठरवलं. आम्ही दोघं खाली बसलो आणि उरलेला वरचा थर फोमपासून सोडवायला लागलो. काही ठिकाणी डिंक सुटत नव्हता. तिथे त्याने पक्कड लावली आणि लॅटेक्सचे लचके निघाले. "हळू," मी म्हटलं. "हळूच करी ऱ्हायनू," तो म्हणाला. काम करता करता त्याने विचारलं, "खरंच, हे बनवतात कसं? मी फक्त रिव्ह्यू वाचले होते." मग मी त्यालाही सगळं सांगितलं. झाड, वाटी, अमोनिया, फेस, खिळ्यांचा साचा. आतून माय मधेमधे भर घालत होती. "धुतस, पिळतस, ते बी सांग त्याले!"

तो दोन बोटांचा थर मायच्या कापसाच्या गादीवर टाकला, वर तिची जुनी सुती खोळ चढवली. खरं सांगायचं तर हे आधीच करता आलं असतं आणि एवढा उपद्व्याप वाचला असता. वास अजून येतो, पण कापसात जरा दबतो. फोमचा तुकडा बाईने मागितला. घरी नेऊन तिने तो जात्यापाशी बसायला टाकला. पाठीवरचा तो डाग पसरला नाही. हळूहळू फिका झाला. गादीमुळे की दोघांच्या हातांमुळे, ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "पाठ चांगली आहे ना? मग झालं." माझ्यातल्या विज्ञानाच्या बाईला ते उत्तर आवडलं नाही.

भाऊ मे महिनाभर राहिला. खाटेशेजारी टेबल टाकून, लॅपटॉप उघडून तिथूनच काम करायचा. लाइट गेली की शिव्या घालायचा, मग उठून मायची कूस पालटायचा. त्या महिन्यात एका रविवारी मी बऱ्याच दिवसांनी शहाद्याला माझ्या घरी गेले आणि दुपारी पंख्याखाली आडवी झाले. डोळा लागला न लागला तोच फोन वाजला. मायचा.

"तुन्हा भाऊले चहा बनाडता येत नही," ती म्हणाली. "पाणी पेवाडी ऱ्हायना माले."

"मंग पी पाणी," मी म्हटलं, आणि फोन उशीखाली सरकवून पुन्हा झोपले.